सव्वा महिना

कार्तिकात मी सात सुपाऱ्या परत केल्या.
त्यातली एक देगलूरच्या आडत्याची.
बँडवाले म्हणाले, वहिनी, पाठीवर नवरदेव बसवायचाय, डोंगर नाही.
मी म्हटलं, पोटात आधीच एक बसलंय.
आमचे हे गप्प राहिले.
त्यांना हिशेब कळतो, मला घोडी.

साळू आमची कुमैत, कपाळावर चांदणी, पहिलटकरीण.
तिची मखमली झूल, आरसे, घुंगरमाळ
पेटीत ठेवली डांबरगोळ्या घालून.
गुरांच्या दवाखान्यातली शिकाऊ डॉक्टरीण आली,
धनुर्वाताची सुई टोचून म्हणाली,
बुरशीचा कडबा हिला दाखवायचासुद्धा नाही.
तेव्हापासून पेंढी न् पेंढी हुंगून घातली,
भिजले हरभरे, मूठभर जवस,
आणि सांजेला किल्ल्याच्या वाटेनं
रिकाम्या पाठीनं फिरवून आणली.
लोक विचारायचे,
तुम्ही घोडी फिरवलालाव का घोडी तुम्हाला?

फाल्गुनात कास भरली.
शेपटीच्या बुडाशी बोट रुतायला लागलं,
मळून ठेवलेल्या कणकेत रुतावं तसं.
मग एका सकाळी सडांच्या टोकांवर मेण.
सतरा रात्री मी गोणपाटावर काढल्या.
ती माझ्याकडं बघायची आणि थांबायची.
बघायला बसलेल्या बाईचा राग येतो,
मला ठाऊक आहे,
माझ्या वेळी सासूनं दार उघडंच ठेवलं होतं.
म्हणून अठराव्या रात्री भिंतीआड बसले,
फटीला डोळा लावून.

अडीचला घाम फुटला. बसली, उठली, बसली,
पाणी गेलं.
पडदा पांढुरका आला. लाल आला असता
तर लगेच कातर चालवायची होती.
उकळलेली कातर माझ्या पदरातच राहिली.
एक खूर, इतभर मागं दुसरा,
मग नाक, जीभ बाहेर,
मग सगळंच एकदम, पिळायच्या राहिलेल्या चादरीसारखं.
खुरांना मऊमऊ बोटं होती,
आत आईला लागू नये म्हणून.
नाळ मी तोडली नाही, साळू उठली तेव्हा आपली तुटली.
आयोडीनच्या वाटीत बेंबी बुडवली.

शिंगरू चार वेळा पडलं. पाचव्यांदा उभं.
पण कासेला तोंड लागलं की साळू किंचाळायची, पाय झाडायची.
चीक भुईवर ठिबकतोय
आणि लेकरू भिंत चोखतंय.
तास गेला. अजून अर्धा गेला.
ह्यांनी लगाम धरला, मी ढकललं,
डॉक्टरणीचा फोन वाजत राहिला.

आणि सुचलं ह्यांना, मला नाही.
भिंत ठोकली. खाजाभाई, ताशा आणा.
आत्ता?
आत्ता.
खाजाभाई लुंगीवर आले, गळ्यात ताशा,
एका डोळ्यात अजून झोप.
वरात मांडवाच्या दारात थांबते,
नवरदेव उतरायच्या आधी जो ठेका वाजतो,
तो धरला, हळू.
साळूनं कान पुढं केले.
चारी पाय रोवले.
फटाके फुटोत, पोरं शेपटी ओढोत,
ह्या ठेक्याला हलायचं नाही,
सहा लग्नसराया तिच्या अंगात मुरलेल्या.
खाली चुरूचुरू आवाज सुरू झाला.
गल्लीत दिवे लागले, कुणीतरी ओरडलं,
ह्या येळंला कुणाचं लगीन निघालंय रे!
खाजाभाई थांबले नाहीत,
त्याचं पोट भरेपर्यंत.

उजाडता वार पडली.
गोणपाटावर पसरून पाहिली, विजार वाळत घालतात तशी,
दोन्ही पाय धड, कुठं फाटकी नाही.
पुरली, वर बोरीचे काटे ठेवले.
हात धुवायच्या आत फोन वाजला.
वहिनी, परवा जळकोटला पाहिजे होती,
दुप्पट देतो, झाली ना मोकळी?
मी म्हटलं, बाळंतीण आहे ती.
आमच्यात सव्वा महिना उंबरा ओलांडत नाहीत.
ह्यांनी हिशेबाच्या वहीतून मान वर केली,
म्हणाले, आणि ताशाची सुपारी लिही,
खाजाभाईंचे देणं आहे.